मागचे चाक अडकले तेव्हा

मित्रांनो, मोटरसायकल पाहिली की तुमची नजर आधी टाकीवर जाते, मग दिव्यावर. मागच्या चाकाकडे कुणी पाहत नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. पण गाडीची सारी ओढ मलाच सोसावी लागते. इंजिनाची ताकद एका लोखंडी साखळीतून माझ्यापर्यंत येते. तिला सगळे चेन म्हणतात. चेन नीट असेल तर मी पळतो. नसेल तर काय होते ते मी एका सकाळी भोगले आहे. मी आता जुना झालो. माझ्या कडेला एक पोचा आहे आणि माझ्या पाच आऱ्या नंतर बसवलेल्या आहेत. त्या का बदलाव्या लागल्या, ते सांगतो.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. छत्तीस आऱ्या ओवून मला बांधले आणि एका बाईंनी मला आसावर चढवून बराच वेळ नुसते फिरवले. मी जिथे डुलायचो तिथे त्या एक आरी जराशी आवळायच्या आणि तिच्या समोरची जराशी सैल करायच्या. मी सरळ फिरू लागलो तेव्हा त्यांनी मला तळहाताने थोपटले आणि पुढच्या माणसाकडे दिले.

सांगलीच्या अजेयने आमची गाडी विकत घेतली. तो इंजिनिअर होता. कोलकात्याच्या गोदीत क्रेनच्या देखभालीची नोकरी त्याला मिळाली आणि गोणपाटात गुंडाळून आम्ही रेल्वेने हावड्याला पोचलो. तिथे वर्षभरात त्याचे लग्न ऋताशी झाले. ऋता बालीगंजच्या मराठी घरातली, कोलकात्यातच जन्मलेली. तिचे वडील श्यामसुंदर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. ऋताची कचेरी खिदिरपूरला होती. जहाजातून आलेला माल फुटला किंवा भिजला, तर तो कशामुळे, हे नीट तपासून अहवाल लिहिणे हे तिचे काम. तिचे मराठी घरापुरतेच होते. बंगाल्यांसारखी ती 'पाणी खाते' म्हणायची आणि अजेय हसायचा. गाडीची बंगालमध्ये नोंदणी करताना त्याने हौसेने कागद तिच्या नावावर केले. रविवारी तो मला फडक्याने पुसायचा, एकेक आरी. ते दिवस चांगले होते, हे मी नाकारणार नाही.

तिसऱ्या वर्षी अजेयची बढती हुकली. घरी आला की तो दार आपटू लागला. 'पाणी खाते' ऐकले की त्याचा आवाज चढू लागला. आणि त्याच सुमारास तो माझी चेन आवळू लागला.

मित्रांनो, चेन थोडी सैलच लागते. गाडीवर माणूस बसला किंवा खड्डा आला की मी वर दाबला जातो आणि चेन आपोआप ताणली जाते. त्या ताणासाठी जागा ठेवावी लागते. बहुतेक साध्या गाड्यांना ती अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, गाडीसोबतच्या पुस्तकात नेमकी लिहिलेली असते. अजेयने ते पुस्तक कधी उघडले नाही. गोदीत तो तारेचे जाड दोर ताणून घ्यायचा, त्यामुळे सैल दिसेल ते सगळे त्याला निष्काळजीपणाचे वाटे.

त्यांचे बिऱ्हाड तळमजल्यावर होते आणि मागे छोटे अंगण. एका रविवारी त्याने माझ्या आसाचा मोठा नट सोडला. मला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडी चिमट्याच्या टोकांना एकेक बोल्ट असतो. तो फिरवला की मी मागे सरकतो आणि चेन ताणली जाते. दोन्हीकडे खुणा कोरलेल्या असतात. जितके डावीकडे, तितकेच उजवीकडे फिरवायचे, नाहीतर मी तिरपा बसतो. अजेय डावीकडे फिरवत सुटला. ऋता पायरीवर बसून पाहत होती.

"डावीकडे तीन फेरे झाले," ती म्हणाली. "उजवीकडे दोनच."

"मला मोजता येतं."

"खुणा जुळत नाहीत, अजेय. इथून दिसतंय."

त्याच्या हातात चोवीस नंबरचा पाना होता. त्याने तो तिच्या दिशेने फेकला. पाना तिच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आदळला. चुना तिच्या केसांत पडला. ती जागची हलली नाही. मग अजेय उठला, तिच्यापाशी गेला आणि त्याने तिला थोबाडीत मारली. हात तेलाचा होता. तिच्या गालावर चार काळी बोटे उमटली. परत येऊन त्याने हातोडी घेतली आणि माझा आस उजवीकडून ठोकून ठोकून मागे सारला. प्रत्येक घावाला माझ्या छत्तीस आऱ्या थरथरल्या. त्या दिवसानंतर ऋता अंगणात मोठ्याने मोजत नसे.

पुढच्याच महिन्यात श्यामसुंदर आले. खाली वाकून त्यांनी चेन अंगठ्याने दाबली. ती हलली नाही.

"अजेयराव, ही फार ताणलीय," ते म्हणाले. "दोघं बसलात की आणखी ताणेल. कुठेतरी तुटेल."

"बाबा, शाळेतलं शाळेत ठेवा. रोज चाळीस टन उचलणाऱ्या क्रेन सांभाळतो मी."

म्हाताऱ्याने मान वर केली. ऋता दारात उभी होती. तिच्या ओठाजवळ निळा डाग होता आणि तिने तो पदराने झाकला. श्यामसुंदरनी तो पाहिला. मी खात्रीने सांगतो, त्यांनी पाहिला. त्यांनी हात पुसले, चहा नको म्हणाले आणि निघून गेले.

मी तिरपा पळत राहिलो. चेन माझ्या दातेरी चकतीला एका बाजूने घासायची आणि लोखंडाचा चुरा पडायचा. माझे बेअरिंग तापून गुरगुरायचे. जनावर मुके असते असे तुम्ही म्हणता. चाक मुके नसते, फक्त ते काय बोलते इकडे कुणी कान देत नाही.

ऑगस्टमध्ये दोघे कामावर जाताना खिदिरपूरला माझ्यात खिळा घुसला. पुलाजवळ नौशाद मिस्त्रीचे लहानसे दुकान होते. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. पंक्चर काढायला त्याने मला उतरवले आणि माझी चकती पाहून जीभ टाळ्याला लावून चुकचुकला. परत बसवताना त्याने घाई केली नाही. मला फिरवून चेन सगळ्यात ताठ कुठे होते ती जागा शोधली आणि तिथेच मोजमाप घेतले. दोन्हीकडे दुसऱ्या खुणेवर मला जुळवले; ऋता शेजारी उभी राहून पाहत होती. मग तो हिंदीत म्हणाला, "साहेब, चेन थकलीय, लवकर बदला. आणि घरी जाऊन पुन्हा आवळू नका. दोघं बसता तुम्ही."

चार दिवस मी सरळ पळालो. किती महिन्यांनी माझे गुरगुरणे थांबले होते.

रविवारी अजेय अंगणात आला. "सैल सोडलीय गाढवाने," तो म्हणाला. या वेळी त्याने पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, म्हणजे जोर जास्त लागावा. ऋता खिडकीत होती. तिचे ओठ हलत होते. ती मनात मोजत होती.

मंगळवारी सकाळी दोघे कामावर निघाले. खिदिरपूरच्या पुलाकडे जाताना पुढे कंटेनरचा ट्रेलर होता आणि मागेही एक. अजेयने मधल्या जागेतून गाडी काढली. तिथे रस्ता खचला होता. मी त्या खड्ड्यात आदळलो आणि दोघांच्या वजनासह वर दाबला गेलो. चेनला जायला जागाच नव्हती. ती तुटली.

तुटलेले टोक आधी चाबकासारखे फिरले आणि त्याने माझ्या तीन आऱ्या तोडल्या. मग ते माझ्या चकतीत आणि चिमट्यामध्ये गुंडाळले गेले. मी पूर्ण वेगात होतो आणि मी एका क्षणात अडकलो. अडकलेले चाक गाडीला थांबवत नाही, मित्रांनो. ते तिला भिरकावते. गाडी आडवी झाली, अजेय तिच्यासोबत घसरत गेला आणि ऋता उजव्या कोपरावर पडून रस्त्यावर दोनदा उलटली. मागच्या ट्रेलरचे ब्रेक किंचाळले. त्याचे पुढचे चाक, माझ्या दीडपट उंचीचे, तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबले. तिचे कोपर उलट्या बाजूला वळले होते आणि बाहीतून हाड दिसत होते.

अजेयचा गुडघा सोलवटला होता. तो उठला आणि चेनकडे पाहून म्हणाला, "त्या नौशादने केलंय हे."

ऋताने ते ऐकले. त्यानंतर तिची शुद्ध गेली.

लोकांनी तिला टॅक्सीत घातले आणि गाडी जवळच म्हणून नौशादच्या दुकानात ढकलत नेली. गाडी पाहून तो हादरला. त्याने मला उतरवून भिंतीला टेकवले, चेन सोडवून वर्तमानपत्रावर पसरली आणि बराच वेळ एकेक कडी पाहत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजेय आला. दुकानासमोर चहाची टपरी होती, आठदहा माणसे उभी होती.

"बरं झालं आलात, साहेब," नौशाद म्हणाला. "दीदी कशी आहे? हे बघा, कडी ओढून ओढून लांबलीय. आणि चिमट्याचे बोल्ट मी हलवले नाहीत, खुणा बघा, डावीकडे चौथी, उजवीकडे दुसरी. मी दोन्हीकडे दुसरीवर ठेवलं होतं. कुणीतरी नंतर—"

लोक वाकून खुणा पाहू लागले. अजेयचा चेहरा मी जमिनीवरून पाहत होतो. त्याला कळले होते. अख्ख्या रस्त्यासमोर कळले होते. त्याने खाली वाकून चेन उचलली, एक टोक मुठीला गुंडाळले आणि नौशादच्या तोंडावर मारली.

पहिला फटका गालावर बसला. दुसरा डाव्या डोळ्यावर. तो आवाज मी विसरलो नाही. नौशाद खाली बसला तरी अजेय मारत राहिला, खांद्यावर, पाठीवर, झाकलेल्या हातांवर. जी चेन तीन वर्षे माझ्या अंगावरून फिरली, तिच्या कड्यांत आता माणसाचे रक्त होते.

मग टपरीवरची माणसे धावली. त्यांनी अजेयला खाली पाडले आणि लाथांनी, चपलांनी, लाकडी बाकाच्या फळीने मारायला सुरुवात केली. त्याचे दात तुटले. एका तगड्या हमालाने मला उचलले. त्याने मला दोन्ही हातांनी डोक्यावर नेले आणि मी खाली पाहिले. माझ्या थेट खाली अजेयचे डोके होते. मी भरीव लोखंडाच्या कडेचे चाक आहे. मला त्याचा राग होता, हेही खरे सांगतो. पण मी त्याच्यावर पडलो असतो तर तो उठला नसता.

"चाक खाली ठेव," नौशाद म्हणाला. त्याच्या बोटांमधून रक्त वाहत होते. "मरेल तो. खाली ठेव म्हणतो ना."

हमाल थबकला. मग त्याने मला बाजूला फेकले. दुकानाच्या पायरीवर मी आपटलो. माझ्या कडेचा पोचा त्या पायरीचा आहे आणि आणखी दोन आऱ्याही तिथेच गेल्या.

पोलीस आले. नौशादचा डावा डोळा वाचला नाही. गाडी, मी आणि चेन, तिघेही पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन पडलो. अजेय जामिनावर सुटला. त्याचे म्हणणे एकच होते, मिस्त्रीने चाक चुकीचे बसवले, माझी बायको मरता मरता वाचली, माझे डोके फिरले.

महिन्याभराने ऋताला गाडी ओळखायला बोलावले. हात प्लास्टरमध्ये होता. वडील सोबत होते. अजेय वकिलाला घेऊन आधीच आला होता. ती येताच तो हळू आवाजात म्हणाला, "ऋता, तू फक्त एवढंच सांग की गाडी शेवटची नौशादने सेट केली. बाकीचं आपण घरी बोलू."

ऋता माझ्या चिमट्याजवळ खाली बसली आणि अधिकाऱ्याला बंगालीत म्हणाली, "लिहून घ्या. डावी खूण चौथी, उजवी दुसरी. मिस्त्रीने दोन्ही दुसरीवर ठेवल्या होत्या. रविवारी माझ्या नवऱ्याने पान्याला नळी लावून डावीकडे चार फेरे आवळले. मी खिडकीतून मोजले. नटाच्या कडा नळीच्या जोराने गोल झाल्यात, हात लावून बघा."

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?" अधिकाऱ्याने विचारले.

"आधी एकदा बोलले होते," ती म्हणाली. "तेव्हा काय झालं तेही लिहून घ्या."

आणि तिने ते सगळे सांगितले. पान्याचे, थोबाडीतले, त्यानंतरच्या प्रत्येक वेळेचे. जशी ती फुटलेल्या मालाचा अहवाल लिहायची तसेच, तारखेसकट. अजेय मराठीत ओरडला, वकिलाने त्याला बाहेर नेले. श्यामसुंदर भिंतीला धरून उभे होते.

खटला दोन वर्षे चालला. अजेयला शिक्षा झाली आणि नोकरी गेली. ऋता वडिलांकडे राहायला आली. ती दोन वर्षे मी आवारात पडून होतो. माझ्यावर गंज चढला, टायरला भेगा पडल्या, उंदरांनी सीटचे स्पंज नेले. कागद ऋताच्या नावावर असल्यामुळे शेवटी गाडी तिला परत मिळाली. सगळ्यांना वाटले ती भंगारात देईल. तिने नौशादला निरोप धाडला.

तो बालीगंजला आला, डावा डोळा कायमचा मिटलेला. त्याने नव्या आऱ्या, नवे टायर, नवी चकती आणि नवी चेन आणली होती. अंगणात त्याने गाडी डबल स्टँडवर उभी केली आणि पाना ऋतासमोर धरला.

"तुम्ही करा, दीदी. एका डोळ्याने मला अंतर कळत नाही. चहाचा कप ठेवायला जातो तर टेबलाच्या बाहेर ठेवतो."

ऋताने पाना घेतला नाही. तिने विचारले, "राग येत नाही तुम्हाला?"

"येतो," तो म्हणाला. "कप फुटला की येतो. मग हत्याराला हात लावत नाही. राग उतरेपर्यंत बाहेर जाऊन बसतो."

मग तिने पाना हातात घेतला. तिचे कोपर आता पूर्ण सरळ होत नाही, त्यामुळे ती गुडघ्यावर बसली. नौशाद सांगत गेला आणि ती करत गेली. इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, गाडी न्यूट्रलला. फिरत्या चेनजवळ बोट न्यायचे नाही, तिने माणसांची बोटे खाल्ली आहेत. मला हाताने सावकाश फिरवून चेन सर्वांत ताठ होते ती जागा शोधायची. खालच्या बाजूला मधोमध फुटपट्टी उभी धरून चेन वरखाली किती हलते ते पाहायचे. आसाचा नट सैल करायचा, मग डावा बोल्ट पाव फेरा, उजवा पाव फेरा, पुन्हा डावा, पुन्हा उजवा.

"एक," ऋता म्हणाली. आवाज निघालाच नाही. ती खाकरली. "एक," ती पुन्हा म्हणाली. "दोन."

श्यामसुंदर दारात उभे राहून ऐकत होते. ते पायरी उतरून आले.

"त्या दिवशी मी पाहिलं होतं, ऋता," ते म्हणाले. "चेनही पाहिली आणि तुझं तोंडही. उठून गेलो."

नौशादने मान खाली घातली. ऋता वडिलांकडे पाहत राहिली. तिने त्यांना माफ केले की नाही ते मला त्या दिवशी कळले नाही आणि अजूनही माहीत नाही. तिने खिशातून दोऱ्याचा गुंडा काढला आणि त्याचे एक टोक त्यांच्या हातात दिले.

"पुढच्या चाकापाशी बसा, बाबा. दोरा दोन्ही चाकांना लावून ताणायचाय. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. वाकडं दिसलं तर सांगायचं."

श्यामसुंदर फरशीवर मांडी घालून बसले. "उजवीकडे केसभर कमी आहे," ते म्हणाले. ऋताने उजवा बोल्ट थोडा फिरवला. "आता बरोबर." तिने आसाचा नट आवळला, नळी न लावता. नौशादने ब्रेक तपासून दिला, नटाची पकड तपासली आणि गाडी स्टँडवरून उतरवून तिला सीटवर बसवले आणि श्यामसुंदरना चेन पुन्हा मोजायला लावली. वजन आल्यावरही चेन बोटाने हलत होती. मग गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन तिने मला फिरवले. दोन वर्षांनी मी फिरलो, कुठेही न घासता.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरीही गाडी येईल. तिची चेन महिन्यातून एकदा मोजा, तेल द्या, दोन्ही खुणा जुळवा आणि जमले नाही तर मिस्त्रीकडे न्या, त्यात कमीपणा नाही. पण तुमच्या घरातली कुणी व्यक्ती पायरीवर बसून मोजत असेल आणि तुमची चूक दाखवत असेल, तर हातातले हत्यार खाली ठेवा आणि तिचे ऐका. आणि कुणाच्या गालावर काळी बोटे दिसली, तर चहा नको म्हणून निघून जाऊ नका. तिथेच थांबा आणि विचारा.